वीज येते कोठून?



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय डोळ्यांपुढे येतात. चालकांनी आम्हांला मात्र विजेवर बोलायला उभे केले आहे. आम्ही इंजिनिअर नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या पायरीवर तारखेची वाट पाहताना आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून. तीस वर्षे वीज कामगारांत, त्यातही कंत्राटी कामगारांत, काम करीत आहोत. त्यामुळे वीज आम्हांला बटणाच्या बाजूने दिसत नाही, भट्टीच्या बाजूने दिसते. त्याच बाजूने ती आज तुम्हांला दाखवावी, एवढाच आमचा बेत आहे.

देवगाव फाट्यावर उभे राहिले की एक रस्ता मंठ्यावरून जालन्याकडे जातो, दुसरा चारठाण्यावरून जिंतूरकडे आणि तिसरा सेलूला. समोरून आलेली बस कोठून आली, हे येथल्या चहाच्या हॉटेलातले पोरगेही पाटी न वाचता सांगेल. पण हॉटेलावरून गेलेल्या तारेतली वीज कोठून आली, असे विचारले तर थोरामोठ्यांचेही उत्तर एकच : "डी.पी.तून!" डी.पी.च्या अलीकडे काय आहे हे विचारायची आपल्याला सवय नाही. दिवा लागला की आपण वर पाहत नाही. तो गेला की लाइनमनच्या नावाने बोटे मोडतो.

खरे उत्तर असे की ही वीज एका ठिकाणाहून येतच नाही. गोपाळकाल्यात प्रत्येक जण आपली शिदोरी आणतो, सगळे एकत्र कालवले जाते आणि मग हातावर जो घास पडतो त्यातले पोहे कोणाचे, दही कोणाचे, हे सांगता येत नाही. आपल्या देशातली वीज तशी आहे. चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचे पाणी, तारापूरचा अणू, राजस्थानातल्या भडल्याचे ऊन, तामिळनाडूतल्या मुप्पंदलचा वारा, हे सगळे एकाच तारांच्या जाळ्यात ओतले जाते. हे जाळे साऱ्या देशाचे एक झाले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जुळले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, आणि ते जुळवणारी तार रायचूरहून आपल्या सोलापूरला आली.

काल्यात आणि विजेत एक मोठा फरक मात्र आहे. काला थोडा वेळ ठेवता येतो, धान्य कणगीत ठेवता येते. वीज तशी साठवून ठेवता येत नाही. आता मोठ्या बॅटऱ्या निघाल्या आहेत, पण देशाच्या भुकेपुढे त्या अजून लहान आहेत. ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच कोठेतरी तयार व्हावी लागते. ह्यासाठी देशातली सगळी जनित्रे सेकंदाला ५० आवर्तनांच्या एका तालात फिरतात. दिंडीत शेकडो टाळकरी असतात, पण ताल एक असतो. एखाददुसरा चुकला तर बाकीचे सांभाळून घेतात; पुष्कळ चुकले तर अभंगच थांबतो.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला तो थांबला. उत्तरेचे जाळे कोसळले, दुसऱ्या दिवशी त्याच्या जोडीला पूर्वेचे आणि ईशान्येचेही गेले, आणि सुमारे ६० कोटी माणसांचा वीजपुरवठा तुटला. आपला महाराष्ट्र ज्या पश्चिमेच्या जाळ्यात आहे ते वाचले. त्या दिवशी पश्चिम बंगालात बर्दवानकडच्या खोल खाणींमध्ये सुमारे २०० खाणकामगार अडकून पडले, कारण त्यांना वर आणणारे पाळणे विजेवर चालत होते. काही तासांनी सगळे सुखरूप वर आले. पण ज्या कोळशावर देशाची वीज होते तो कोळसा काढणारेच विजेवाचून जमिनीच्या पोटात बसून राहिले, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. आजच्या भाषणात आम्हांला जे सांगायचे आहे त्याचे मूळ तेथे आहे. विजेच्या प्रत्येक उगमापाशी कोणीतरी काहीतरी देत असतो : कोणी पाणी, कोणी जमीन, कोणी छातीतला दम. आपल्या बिलात त्याचे नाव छापलेले नसते.

आता वीज करतात कशी, ते थोडक्यात पाहू. १८३१ साली फॅरडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यापाशी लोहचुंबक हलवला तर तारेत वीज वाहते. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. आमच्यासारख्यांना त्याचा अभिमान वाटतो तो उगाच नाही. पुढची सारी वीजघरे ही त्याच एका गोष्टीची थोरली रूपे आहेत : चाक फिरवायचे, म्हणजे चुंबक फिरतो, म्हणजे वीज होते. धरणाचे पाणी चाकावर सोडा, कोळसा जाळून पाण्याची वाफ चाकावर सोडा, अणू फोडून त्या उष्णतेने वाफ करा, नाहीतर वाऱ्याला पाती द्या. चाक फिरणे महत्त्वाचे. एवढ्या यादीत सूर्याच्या पाट्याच अशा आहेत की ज्यांत काहीच फिरत नाही. ऊन पडले की सिलिकॉनच्या पातळ चकतीतून सरळ वीज निघते.

वीज कोणासाठी केली गेली, हे पाहिले की इतिहासही उलगडतो. १८९७ साली दार्जिलिंगला पाण्यावरचे छोटे वीजघर झाले, ते थंड हवेच्या गावातल्या दिव्यांसाठी. १९०२ साली म्हैसूर संस्थानात कावेरीवर शिवनसमुद्रला वीजघर झाले, ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १९१५ साली टाटांनी खोपोलीला वीजघर सुरू केले, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. मागोमाग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. ह्यांतल्या भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातून सेनापती बापट झाले. सत्याग्रह हरला, धरण झाले. विजेसाठी जमीन कोणाची जावी आणि उजेड कोणाच्या घरी पडावा, हा प्रश्न त्या दिवसापासून मराठी मुलखात उभा आहे.

गिरणीकामगाराची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. विजेचे दिवे नव्हते तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांत असंतोष उसळला. पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचे तास बारावर आणले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास ठरले. दिवा जादा पाळी घेऊन आला. ती कमी करायला माणसांना भांडावे लागले. यंत्र आपल्या बाजूचे की विरुद्ध बाजूचे, हे यंत्र ठरवीत नाही.

हे ४८ तास ठरत होते त्या काळात दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, १९४२ पासून १९४६ पर्यंत. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्यात होते. ह्याच काळात, १९४४ साली, केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला गेला. कामगारांचे तास आणि देशाची वीज एकाच टेबलावर होती, हे आजच्या पुष्कळ कामगारांना ठाऊकही नाही. १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला. त्या कायद्याखाली राज्याराज्यांतून वीज मंडळे निघाली आणि आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जून १९६० मध्ये जन्मले. २००५ साली त्याचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा निरनिराळ्या कंपन्या झाल्या.

स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची वीजक्षमता होती १,३६२ मेगावॅट. आज एकट्या कोयनेची सगळ्या टप्प्यांची मिळून १,९६० मेगावॅट आहे. मार्च २०२५ अखेर देशाची क्षमता सुमारे ४ लाख ७५ हजार मेगावॅट झाली. त्यांत कोळसा नि लिग्नाइट मिळून सुमारे २ लाख २२ हजार, सूर्य सुमारे १ लाख ५ हजार, वारा ५० हजार, मोठी धरणे ४७-४८ हजार आणि अणू ८ हजारांच्या वर. ह्या आकड्यांनी एक फसगत होते, ती सांगितली पाहिजे. गोठ्यात दहा बैल आहेत म्हणून दहाही रोज औताला नसतात. सूर्याचा बैल रात्री बसतो आणि पावसाळ्यात अर्धपोटी चालतो. वर्षाची सरासरी काढली तर आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास काम करतो. म्हणून क्षमतेत कोळसा निम्म्याखाली आला असला, तरी २०२४-२५ सालात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वरच होता. आज रात्री घरी जाऊन तुम्ही पंखा लावाल, तो बहुतांशी कोळशावरच फिरेल.

आता आपल्या मुलखातल्या वीजघरांकडे वळू, आणि प्रत्येकापाशी कोण काय देतो ते पाहू.

सगळ्यांत जवळचे येलदरीचे. जिंतूरच्या पलीकडे पूर्णेवर धरण आहे. त्याच्या पायथ्याशी साडेसात-साडेसात मेगावॅटचे तीन संच १९६८ साली सुरू झाले. एकूण साडेबावीस मेगावॅट. देशाच्या मानाने ही चिमूटभर वीज. पण तिच्यात एक शहाणपण आहे. चाक फिरवून पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी शेतात. वीजही झाली आणि पाणीही शेताला मिळाले. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी बारा मेगावॅटचा एक संच आहे. तो दुहेरी आहे : गरज असेल तेव्हा वीज करतो आणि वीज शिल्लक असेल तेव्हा तीच वापरून खालचे पाणी वर चढवू शकतो. नगरच्या डोंगरात घाटघरला २००८ साली ह्याच तत्त्वावर अडीचशे मेगावॅटचे वीजघर झाले. वीज साठवता येत नाही असे आम्ही मघाशी म्हणालो. डोंगरावर चढवलेले पाणी ही तिची कणगी म्हणता येईल.

कोयनेची गोष्ट निराळी. १९६२ साली तेथे वीज सुरू झाली. पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्यांतून सह्याद्री फोडून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले आणि त्या उंच उडीतून महाराष्ट्राच्या कारखानदारीला बळ मिळाले. पण वीज करून ते पाणी कोकणातून समुद्राला मिळते. पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना ते परत मिळत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या अजून पर्यायी जमिनीचे कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत आहेत.

अणुविजेचे आमच्या राज्यातले घर तारापूर. १९६९ साली ते सुरू झाले. देशातले ते पहिले. थोड्या इंधनात पुष्कळ वीज आणि धूर नाही, हा त्याचा गुण. वापरलेले इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसावे लागते, ही त्याची जबाबदारी. तेथे तिसरा आणि चौथा संच झाला तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली.

नैसर्गिक वायूवरचे दाभोळचे वीजघर तर तुम्हांला ठाऊकच आहे. १९९९ साली सुरू झाले, विजेच्या दरावरून तंटा पेटला आणि २००१ साली बंद पडले. परदेशातून येणाऱ्या इंधनावर आणि डॉलरात ठरलेल्या दरावर संसार मांडला की काय होते, हे त्याने शिकवले. शिकवणीची फी महाराष्ट्राने भरली.

आणि आता कोळसा. आमच्या मराठवाड्याचे मोठे वीजघर परळीचे. १९७१ साली तेथे तीस मेगावॅटचा पहिला संच लागला. पुढे २१० मेगावॅटचे तीन आले. ते जुने सगळे आता बंद झाले. आज अडीचशे मेगावॅटचे तीन संच आहेत. मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. कोळसा रेल्वेने बाहेरून येतो. असा एक अडीचशे मेगावॅटचा संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला, तर साठ लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे एका संचाला रोज सुमारे ४,२०० टन, जवळजवळ एक पूर्ण मालगाडी. आपल्याकडच्या कोळशात राखच तिसरा हिस्सा असते. तेव्हा रोज चौदाशे टन राख. जुन्या केंद्रांना २०१५ च्या नियमाने पाण्याची मर्यादा घालून दिली, ती युनिटला साडेतीन लिटर. त्या मापाने एका संचाला दिवसाला दोन कोटी दहा लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे २,१०० टँकर.

हे आकडे मोठे वाटतात म्हणून घरचा हिशेब सांगतो. ज्याच्या घरी महिन्याला शंभर युनिट वीज जळते, त्याच्या नावावर कोठेतरी सत्तर किलो कोळसा जळतो, साडेतीनशे लिटर पाण्याची वाफ होते आणि बावीस-पंचवीस किलो राख उरते. ती राख तुमच्या अंगणात पडत नाही, म्हणून दिसत नाही. ज्याच्या अंगणात पडते त्याच्या घरची बाई वाळत घातलेली मिरची रोज झटकते.

त्या राखेत काम करणाऱ्यांत आमचे आयुष्य गेले. एका केंद्रावर, त्याचे नाव आम्ही घेत नाही, राख विभागात वीस वर्षे काम केलेला एक गडी आमच्याकडे आला. मागणी काय, तर वीस वर्षे काम केल्याचा दाखला. ह्या वीस वर्षांत कंत्राटदार बदलले नऊ. दर वेळी नवे मस्टर, नवा गेटपास, भविष्यनिर्वाह निधीचा नवा नंबर. माणूस तोच, फावडे तेच, राखेचा हौद तोच; पण कागदावर त्याची नोकरी सव्वादोन वर्षांची. पहिले नऊ महिने आम्ही फक्त जुने गेटपास गोळा करण्यात घालवले. त्याच्या बायकोने ते गव्हाच्या डब्यात जपून ठेवले होते, म्हणून निम्मी सेवा तरी सिद्ध झाली. उरलेली निम्मी त्या राखेतच गेली.

बॉयलरपाशी जीवही जातो. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात ऊंचाहारच्या केंद्रात पाचशे मेगावॅटच्या नव्या संचाच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगार गेले. त्यांत पुष्कळसे कंत्राटी होते. त्या दिवशी देशाच्या जाळ्याचा ताल चुकला नाही; पाचशे मेगावॅट दुसऱ्या कोणी सांभाळून घेतले. त्या घरांतला कर्ता पुरुष कोणी सांभाळून घेणार नव्हते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे केंद्र पाण्यावाचून थांबले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा थांबले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. ज्या मुलखात माणसाला पाणी गाडीने येते, तेथे पाण्याची वाफ करून वीज करायची किती, हा प्रश्न कोणा पुढाऱ्याने उपस्थित केला नाही, दुष्काळाने केला. आम्ही कोळशाच्या कामगारांचे प्रतिनिधी आहोत, तरी स्पष्ट सांगतो : मराठवाड्याला सूर्याची वीज सोयीची आहे. ऊन आमच्याकडे फुकट आहे आणि पाट्या धुण्यापलीकडे तिला पाणी लागत नाही. शिवाय ती दिवसा होते. रात्रीच्या पाळीला पाणी धरायला जाऊन साप चावलेल्या शेतकऱ्याची बातमी ह्या जिल्ह्यात कोणी वाचली नसेल असे नाही. शेतीच्या वाहिन्या सूर्यावर चालवण्याची सरकारी योजना २०१७ साली निघाली, २०२३ साली वाढवली गेली. तिच्यातून दिवसा आठ तास वीज मिळणार असेल तर तिला विरोध करणारे आम्ही कोण?

पण मुळशीपासून जो हिशेब अर्धा राहिला आहे तो ह्या वेळी तरी पुरा मांडा, एवढे आमचे मागणे आहे. वीजघराचे इंधन बदलले म्हणून हिशेबाची रीत आपोआप बदलत नाही.

पहिली बाब जमिनीची. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. खाजगी जमिनीला २०२३ च्या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरवली आहे. कोरडवाहू मालकाला हा सौदा वाईट नाही. पण त्या जमिनीवर फक्त मालक जगत नव्हता. बटाईदार होता, कापूस वेचणाऱ्या आणि सोयाबीन खुरपणाऱ्या बाया होत्या. भाडे मालकाच्या खात्यात येईल. त्या बायांची मजुरी कोणाच्याच खात्यात येणार नाही. आणि जेथे गायरानाची किंवा सरकारी जमीन वीजघराला दिली जाईल, तेथे आणखी डोळे उघडे ठेवा. मराठवाड्यात पुष्कळ गायराने भूमिहीन दलितांनी आणि भटक्यांनी कसली आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते ह्याच जमिनीसाठी. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्या माणसाची शेतीच नव्हती असे होत नाही.

दुसरी बाब कामाची. कोळशाच्या केंद्रात हजारो हात लागतात; पाच-दहा मेगावॅटच्या सौर केंद्राला राखणदार, पाट्या पुसणारे आणि एखादा वायरमन पुरतो. परळीसारखे केंद्र उद्या आणखी कमी चालले, तर कायम कामगाराची बदली होईल. कंत्राटी कामगाराला फक्त दुसऱ्या दिवशीचा गेटपास मिळणार नाही. आमचे म्हणणे असे की कोळशाच्या केंद्रातल्या कंत्राटी कामगारांची नावे, वये आणि सेवेची वर्षे एका सरकारी यादीत आजच नोंदवा, केंद्रे चालू आहेत तोवर. बंद पडल्यावर यादी करू म्हणणाऱ्याला यादी सापडत नसते. गव्हाचे डबे किती उघडणार? आणि नव्या वीजघरांची कामे देताना त्या यादीतल्या माणसाला आणि जमीन गेलेल्या गावातल्या मुलामुलींना आधी घ्या, शिकवून घ्या. मराठवाड्याचा पोरगा परळीच्या राखेत उभा राहायला चालला, तो सूर्याच्या पाट्या जोडायला का चालू नये?

तिसरी बाब गावाच्या उजेडाची. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लेइसांग गावी वीज पोहोचली आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज गेल्याचे जाहीर झाले. मोठे काम झाले ह्यात शंका नाही. पण सरकारी व्याख्येत गावातल्या शंभरांपैकी दहा घरांत जोडणी असली की गाव उजळले असे धरले जाई. उरलेल्या नव्वदांसाठी पुन्हा वेगळी योजना काढावी लागली. म्हणून आकडा सांगणाऱ्याला तो कसा मोजला, हे विचारायचे. आपल्या गावाशेजारी सौर केंद्र उभे राहील, त्याची वीज आपल्याच उपकेंद्रात जाईल. तेव्हा वाडीवस्तीवरच्या शेवटच्या खांबाचा दाब किती, जळलेला डी.पी. किती दिवसांत बदलला, हे ग्रामसभेच्या वहीत दर महिन्याला लिहिले गेले पाहिजे.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी ग्रामसभेत पाच गोष्टी मोठ्याने वाचायला लावा. भाडे कोण देणार, आणि कंपनी बदलली तर कोण देणार? पंचवीस-तीस वर्षांनी जमीन परत देताना खांब नि सिमेंट कोण उपटणार? काळ्या रानातले पावसाचे पाणी कोणाच्या शेतात वळवले जाणार? त्या रानावर राबणाऱ्यांची नावे कोठे लिहिली आहेत? आणि कामावर घेतलेल्या माणसाचे मस्टर कोणाकडे राहणार? ह्या पाचांची उत्तरे लेखी मिळाली तर खुशाल सही करा. तोंडी मिळाली तर चहा पाजून परत पाठवा.

काही जण म्हणतील, युनियनवाला आला आणि नन्नाचा पाढा वाचून गेला. तसे नाही. जो माणूस रात्रीचा दिवा लागताना पाहून आजही सुखावतो, त्याची मागणी दिवे कमी करा अशी असूच शकत नाही. कंदिलाच्या काचा पुसत शिकलेली आमच्या घरची पिढी आम्ही पाहिली आहे. कंदिलात काही काव्य नव्हते. विजेने बाईच्या हातातले जाते सोडवले, विहिरीवरची मोट सोडवली, दवाखान्यात रात्री बाळंतपण सुखरूप केले. वीज वाढलीच पाहिजे. ती वाढवताना ज्याच्या पाण्यावर, जमिनीवर आणि घामावर ती वाढते, त्याला काल्यातला घास मिळाला पाहिजे. शिदोरी त्यानेही आणली आहे.

वेळ बराच झाला. उद्याच्या बाजाराची तुमची तयारी आहे आणि आम्हांलाही शेवटची गाडी गाठायची आहे. पण अध्यक्षांची परवानगी असेल तर अर्धा तास प्रश्नांसाठी थांबतो. ज्यांच्याकडे जमिनीच्या कराराचा कागद आलेला आहे त्यांनी तो घेऊनच पुढे यावे; एकत्र बसून वाचू.